गारठलेली बोटे आणि उघडे कान

डिसेंबरच्या अखेरीस कोल्हापूर, पुणे किंवा नाशिकहून दिल्लीला निघालेल्या तरुण नेमबाजाची बॅग भरली जाते, तेव्हा घरात एकच विषय असतो : थंडी. आई माकडटोपी कोंबते, आजी लोकरीचे हातमोजे काढून देते, काका ऑनलाइन मागवलेली, हात गरम ठेवणारी पाकिटे आणून ठेवतात. कानावर लावायचे इअरमफ मात्र बॅगेच्या तळाशी, बुटांखाली चेपलेले असतात. गेल्या मोसमातलेच. त्यांच्या गाद्या कडक झाल्या आहेत का, एका बाजूला चीर पडली आहे का, हे कुणी पाहिलेले नसते.

नेमबाजीच्या राष्ट्रीय स्पर्धा आणि निवड चाचण्या यांचा बराचसा मोसम थंडीतच येतो. जानेवारीतल्या पहाटे कोल्हापूरचा पारा १४-१५ अंशांपर्यंत उतरतो आणि लोक शेकोटी पेटवतात. त्याच वेळी दिल्लीत पारा पाच-सहा अंशांवर असतो आणि दहा वाजले तरी धुके हटत नाही. तुघलकाबादजवळची डॉ. कर्णीसिंग रेंज १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी उभारली गेली आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी नव्याने बांधली गेली. १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तुलाचे प्रकार बंदिस्त हॉलमध्ये होतात, त्यामुळे त्या मुलांचे तुलनेने बरे असते. २५ आणि ५० मीटरच्या रेंजवर डोक्यावर छत असले तरी समोरची बाजू मोकळी असते. ट्रॅप आणि स्कीटवाले तर उघड्या मैदानातच उभे असतात. स्वप्नील कुसळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली कांस्यपदक मिळवले तो ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स आणि राही सरनोबतने पालेम्बांगमध्ये २०१८ साली आशियाई सुवर्ण जिंकले तो २५ मीटर पिस्तूल, महाराष्ट्राला जवळचे असलेले हे दोन्ही प्रकार या मोकळ्या बाजूचेच आहेत.

अशा ठिकाणी हात आणि कान या दोघांची काळजी एकाच वेळी घ्यावी लागते आणि इथेच गोची होते. थंडीसाठी केलेली एखादी सोय कानाचे संरक्षण अलगद काढून घेते. त्यात थंडी स्वतःची जाणीव करून देते, बोट बधिर झाले की लगेच कळते. कानाचे तसे नाही. त्याचे नुकसान झाले तरी त्या दिवशी दुखत नाही, गुणांवर परिणाम होत नाही, आणि कळते तेव्हा दहा-पंधरा वर्षे उलटून गेलेली असतात.

दिवाळी रोजची, कानाजवळची

आवाजाचे डेसिबल हे माप साध्या पट्टीसारखे चालत नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते. ३ डेसिबलचा फरक म्हणजे जवळजवळ दुप्पट. क्षणिक धमाक्यासाठी १४० डेसिबल ही शिखर-मर्यादा अनेक देशांनी कामाच्या ठिकाणी धरली आहे. सर्वांत सौम्य समजली जाणारी पॉइंट २२ ची रायफलसुद्धा या मर्यादेच्या आसपास जाते. ट्रॅपमध्ये वापरली जाणारी १२ बोअरची बंदूक १५० च्या वर आरामात पोहोचते. मोठ्या काडतुसांची पिस्तुले आणि रायफली १७० चा टप्पाही ओलांडतात. तुलनेसाठी फटाका घ्यायचा, तर भारतातल्या नियमाप्रमाणे तो फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १४५ डेसिबलच्या शिखराहून मोठा असता कामा नये. नेमबाजाचा कान बंदुकीपासून चार मीटर लांब नसतो.

शिवाय हा एक फटाका नव्हे. पिस्तूल प्रकारात ६० गोळ्या गुणांसाठी, त्याआधी सरावाच्या वेगळ्या. ट्रॅपच्या स्पर्धेत १२५ लक्ष्ये आणि प्रत्येकावर दोन गोळ्यांपर्यंत मुभा. हे फक्त स्वतःचे झाले. शेजारच्या लेनमधला गडीही तेवढ्याच गोळ्या झाडतो आणि छताखालच्या भिंतींवरून ते आवाज परत येतात. वर्षभराच्या सरावाचा हिशेब हजारोंत जातो.

मोठा आवाज झाला की मधल्या कानातला एक चिमुकला स्नायू आक्रसतो आणि हाडांची साखळी ताठ करून आवाज थोडा अडवतो. निसर्गाची ही सोय गडगडाटाला, यंत्रांच्या घरघरीला उपयोगी पडते. पण तिला जागे व्हायला सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ लागू शकतो, आणि गोळीचा धक्का काही हजारांश सेकंदांत आत शिरून संपलेलाही असतो. दार लावेपर्यंत चोर पसार.

आतल्या कानात शंखाच्या आकाराच्या नळीत सुमारे १५ हजार केसपेशी असतात. सगळा संसार एवढ्यावर. पक्ष्यांमध्ये या पेशी मेल्या तर पुन्हा उगवतात. माणसात उगवत नाहीत. त्यातही उंच पट्टीचे, ४००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज टिपणारा भाग सर्वांत आधी झिजतो. म्हणून बंदुकीने कान गेलेला माणूस ‘मला ऐकू येत नाही’ असे म्हणतच नाही. त्याची तक्रार असते, ‘लोक हल्ली पुटपुटतात.’ स्वर त्याला नीट ऐकू येतात. स, श, फ, थ ही हलकी व्यंजने हरवतात. ‘साठ’ म्हटले की ‘पाठ’ म्हटले हे संदर्भावरून ओळखावे लागते. नातवंडांचे बोलणे आणि लग्नाच्या हॉलमधल्या गप्पा आधी सुटतात, टीव्हीचा आवाज नंतर वाढतो.

उजव्या खांद्यावर बंदूक लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. त्यामुळे अशा लोकांत डाव्या कानाचे नुकसान बहुधा जास्त दिसते. कानाच्या तपासणीच्या आलेखावरून माणूस कोणत्या खांद्यावरून गोळी झाडतो हे सांगता येते, असे डॉक्टर म्हणतात त्यात थट्टेचा भाग थोडाच असतो.

रेंजवरून परतल्यावर कानाला दडे बसतात, शिट्टी वाजल्यासारखे होते, आणि सकाळी सगळे पूर्ववत. ‘उतरले ना, मग झाले!’ ही समजूत बरीच वर्षे डॉक्टरांचीही होती. २००९ साली शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या अमेरिकी संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवले, की मोठ्या आवाजानंतर श्रवणाची पातळी काही दिवसांत पूर्ववत झाली तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले कितीतरी जोड कायमचे तुटलेले होते. नेहमीच्या तपासणीत हे नुकसान दिसत नाही. उंदराची गोष्ट माणसाला जशीच्या तशी लागू करता येत नाही, पण दडे बसणे हा किरकोळ प्रकार मानायला आता फारसे कुणी तयार नाही.

पाकिटावरचा आकडा

इअरप्लग किंवा इअरमफ घेताना दुकानदार एक आकडा दाखवतो. अमेरिकी मालावर तो ‘एनआरआर’ असतो, युरोपीय मालावर ‘एसएनआर’. दोन्ही वेगळ्या पद्धतींनी मोजलेले असल्यामुळे त्यांची सरळ तुलना करू नये. फोमच्या प्लगवर २९ ते ३३ आणि मफवर २० पासून ३१ पर्यंत एनआरआर आढळतो. आकडा मोठा तर माल चांगला, असा हिशेब करून लोक मोकळे होतात.

हा आकडा प्रयोगशाळेत, नीट शिकवलेल्या माणसांच्या कानांवर काढलेला असतो. अमेरिकेतले कामगार सुरक्षा अधिकारी कारखान्यातला प्रत्यक्ष फायदा काढताना त्यातून ७ वजा करतात आणि उरलेल्याचे निम्मे करतात. म्हणजे पाकिटावर २५, तर पदरात ९. हे गणित सतत चालणाऱ्या यंत्रांसाठी आहे, गोळीच्या झटक्याला ते तंतोतंत लावता येणार नाही. पण त्यामागचे कारण दोन्हीकडे एकच आहे : कान आणि साधन यांच्यातली फट. केसाएवढ्या फटीतूनही आवाज आत येतो, आणि एकदा आला की ३३ चा आकडा नुसता छापील राहतो.

फोमचा प्लग स्वस्त असतो, दोन चहांच्या पैशांत जोडी मिळते. नीट बसवला तर तो महागड्या मफच्या बरोबरीने काम करतो. अडचण बसवण्याची आहे. प्लग बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा, दुसऱ्या बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत २० ते ३० सेकंद बोटाने धरून ठेवायचा. बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा फार भाग दिसत असेल तर तो बसलेला नाही. बहुतेक जण बुचासारखा दाबतात आणि सोडून देतात.

२५ मीटर पिस्तूल आणि शॉटगनसाठी आत प्लग आणि वर मफ अशी दुहेरी सोय करणे सर्वांत चांगले. मात्र ३३ आणि २५ मिळून ५८ होत नाहीत. मोठ्या आकड्यात सुमारे ५ मिळवायचे, एवढाच जादा लाभ. कारण ठरावीक मर्यादेनंतर आवाज कवटीच्या हाडांतूनच आत पोहोचतो आणि त्याला कुठलेही बूच लागत नाही. पण १५० च्या वरच्या धक्क्यांपुढे हे पाच डेसिबलही सोडण्यासारखे नाहीत. पॉइंट २२ च्या रायफलला चांगला बसलेला एकच थर बहुतेकांना पुरतो.

दुहेरी थर घातल्यावर ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’ या आज्ञा नीट ऐकू येत नाहीत, म्हणून मुले मफची एक बाजू वर सरकवून ठेवतात. नेमकी त्याच वेळी शेजारच्या लेनमधली गोळी सुटते. हलका आवाज आत येऊ देणारे आणि धमाका क्षणात दाबणारे इलेक्ट्रॉनिक मफ यावर चांगला उपाय आहेत आणि प्रशिक्षक, पंच, रेंजवर बसलेले पालक यांनी ते जरूर घ्यावेत. स्पर्धकाने मात्र पैसे घालण्यापूर्वी नियम वाचावा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांप्रमाणे ध्वनी किंवा संदेश ग्रहण करणारे यंत्र असलेली कर्णरक्षक साधने खेळाडूला वापरता येत नाहीत. बॅटरी नसलेले, बारीक छिद्राचे प्लग हा मधला मार्ग आहे. बोलणे त्यातून ऐकू येते आणि दाब अचानक वाढला की ते छिद्र अडसर बनते. कानाच्या मापाचे साचे बनवून घेणारेही आहेत, पण १३-१४ वर्षांच्या मुलाने ते बनवले तर कान वाढतो आणि साचा सैल होतो, हे लक्षात ठेवावे लागते.

माकडटोपी आणि मफ

आता थंडीकडे. सकाळी आठच्या डिटेलला उभा राहिलेला मुलगा माकडटोपी घालतो आणि तिच्यावर मफ चढवतो. त्याला वाटते कान दोनदा झाकले गेले. प्रत्यक्षात मफची गादी कानाभोवतीच्या कातडीला चिकटलेली असली तरच आवाज अडतो, आणि लोकरीची वीण म्हणजे हजारो बारीक भोके. मफलर, स्वेटशर्टची टोपी, जाड कानपट्टी, सगळ्यांचे तेच. टोपी घालायचीच तर ती कानाच्या वर संपणारी असावी, किंवा आधी मफ लावून त्याच्या पट्ट्यावरून सैल टोपी ओढावी. पट्टा मानेमागून जाणारे मफही मिळतात. आणि खरे तर कपात बंद झालेला कान थंड पडत नाही. मफ ही स्वतःच एक बरी कानटोपी आहे.

चष्म्याच्या जाड काड्या, कपात अडकलेले केस, कानातले डूल आणि कुड्या हीदेखील फटीची कारणे. काड्या बारीक आणि सपाट घ्याव्यात, केस मागे बांधावेत, डूल खोलीवर ठेवून यावेत. बसलेला मफ तपासण्याची एक सोपी रीत आहे. रेंज सुरू असताना दोन्ही कपांवर तळहात घट्ट दाबायचे. आवाज आणखी कमी झाला तर कुठेतरी फट आहे.

थंडीत मालही बदलतो. मफच्या प्लास्टिकच्या गाद्या गारठल्या की कडक होतात आणि जबड्याच्या वळणाशी जुळवून घेत नाहीत. फोमचा प्लग थंडीत ताठ होतो, हळू फुगतो. २०-३० सेकंदांचे काम मिनिटावर जाते आणि घाईत प्लग अर्धवट राहतो. म्हणून दोन्ही वस्तू रात्री खिडकीपाशी किंवा गाडीत न ठेवता पांघरुणाजवळ ठेवाव्यात. सकाळी प्लगची डबी जॅकेटच्या आतल्या खिशात असावी, अंगाच्या उबेला. इलेक्ट्रॉनिक मफच्या बॅटऱ्यांनाही हाच खिसा लागतो, कारण थंडीत त्या लवकर दम टाकतात.

प्लग वळायला बोटे लागतात. तीच गारठलेली असतील तर प्लग काडीसारखा होत नाही, सुपारीसारखा राहतो. त्यामुळे क्रम ठरवून घ्यावा : आधी हात गरम, मग प्लग, मग मफ, आणि हे सगळे रेंजच्या आत शिरण्यापूर्वी. त्यातही एक गोष्ट थंडीत हटकून चुकते. काडतुसाची गोळी शिशाची असते आणि ठिणगी देणाऱ्या मसाल्यातही बहुधा शिसे असते. ते बोटांवर बसते. नळाचे पाणी बर्फासारखे असले की मुले हात धुणे टाळतात आणि त्याच बोटांनी प्लग वळतात, पराठा खातात. कोमट पाण्याची बाटली आणि साबणाचा तुकडा बॅगेत असला तर हा प्रश्नच उरत नाही.

बोटे का ऐकत नाहीत

बोटांत स्नायू जवळपास नसतातच. त्यांना हलवणारे स्नायू कोपराखालच्या हातात असतात आणि तिथून दोऱ्यांसारखे कंडरे बोटांपर्यंत येतात. कळसूत्री बाहुलीसारखी रचना. त्यामुळे बोटे स्वतःची ऊब फारशी तयार करत नाहीत, रक्त आणेल तेवढ्यावर भागवतात. आणि थंडी वाजू लागली की शरीर हृदय, मेंदू, आतडी सांभाळण्यासाठी बोटांकडे जाणाऱ्या वाहिन्या आवळून घेते. मालकाने आधी घर सांभाळावे आणि ओसरीचा दिवा मालवावा, तसे.

हाताच्या कातडीचे तापमान साधारण १५ अंशांखाली गेले की बारीक कामातली सफाई झपाट्याने घटते, आणि ८ अंशांच्या आसपास स्पर्शाची जाणीवच बोथट होते. मज्जातंतूतून जाणारा संदेश दर अंशाला सेकंदामागे दीड-दोन मीटरने मंदावतो. सांध्यातले वंगणही दाट होते. २५ मीटर पिस्तुलाच्या जलद फेरीत लक्ष्य तीन सेकंद दिसते आणि सात सेकंद नाहीसे होते. त्या तीन सेकंदांत हात वर आणून किमान एक किलो वजनाचा ट्रिगर सरळ मागे दाबायचा असतो. बधिर बोटाला तो दाब कुठे सुरू झाला हे कळत नाही. गुण जातात ही त्यातली लहान गोष्ट. न कळणारे बोट ट्रिगरवर असणे ही सगळ्या रेंजला धोक्याची बाब आहे. म्हणून बोटाच्या टोकाला अंगठ्याचे नख टोचून जाणीव तपासावी. ती नसेल तर शस्त्र रिकामे करून खाली ठेवावे आणि पंचांना सांगावे. त्यात कमीपणा नाही.

१९३० साली लंडनच्या थॉमस लुईस यांनी बर्फाच्या पाण्यात बोट बुडवून ठेवले, तेव्हा पाच-दहा मिनिटांनी आवळलेल्या वाहिन्या आपोआप सैल झाल्या, बोट गरम झाले, पुन्हा गार झाले, पुन्हा गरम. या हेलकाव्याला ‘हंटिंग’ असे नाव पडले. शिकारीशी त्याचा संबंध नाही, काटा स्थिर न होता मागेपुढे डोलतो त्याला अभियंते हा शब्द वापरतात. ही प्रतिक्रिया प्रत्येकात सारखी नसते. काहींची बोटे तर साध्या गारव्यातही आधी पांढरीफटक, मग निळी आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतात. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली या विकाराचे वर्णन केले होते. असे वारंवार होत असेल तर नुसते हातमोजे न बदलता डॉक्टरांना दाखवावे. सिगारेटने हा त्रास वाढतो.

बोटे गरम ठेवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय बोटांपासून लांब आहे. छाती-पोट उबदार असेल तर शरीर बोटांचे रक्त तोडत नाही. चांगला थर्मल, पवन अडवणारे जॅकेट आणि मनगट झाकणारी बाही यांवर खर्च केलेले पैसे जाड हातमोज्यापेक्षा जास्त फळतात. ट्रिगरवरचे बोट शेवटी उघडेच राहणार असते.

कोणती ऊब घ्यावी

बाजारात सर्वांत जास्त खपणारे पाकीट लोखंडाच्या गंजावर चालते. आत लोखंडाची पूड, मीठ, कोळशाची भुकटी, वर्मिक्युलाइट नावाचे खनिज आणि थोडे पाणी असते. वेष्टन फाडले की हवेतला प्राणवायू आत शिरतो. खिडकीच्या गजावर जे काम वर्षानुवर्षे चालते ते इथे काही तासांत उरकते आणि तेवढी उष्णता बाहेर पडते. सरासरी ५५-६० अंश, आठ-दहा तास. जपानी लोक याला कैरो म्हणतात. नेमबाजासाठी हे सर्वांत सोयीचे, कारण फेऱ्यांच्या मध्ये खिशात हात घालायचा आणि काढायचा, एवढेच काम. हवाबंद पिशवीत कोंडले तर ते थांबते आणि दुपारी पुन्हा चालू होते. घट्ट हातमोज्यात कोंबले तर मात्र हवेअभावी मंदावते, आणि ‘फसवले’ म्हणून लोक ते फेकून देतात.

दुसरा प्रकार पारदर्शक पिशवीचा. आत सोडियम अ‍ॅसिटेटचे द्रावण आणि धातूची चकती. चकती टिचकन वाकवली की द्रावण गोठू लागते आणि ५४-५५ अंशांपर्यंत तापते. उकळत्या पाण्यात टाकून पुन्हा वापरता येते, पण ऊब अर्धा-पाऊण तासच टिकते. घरच्या रेंजवर ठीक, दिवसभराच्या स्पर्धेला अपुरा.

चार्जिंगचे विजेवरचे गोटे आता बरेच दिसतात. ऊब कमीजास्त करता येते हा त्यांचा मोठा गुण. विमानाने जाताना ते केबिनमधल्या बॅगेतच न्यावे लागतात. पेट्रोलसारख्या इंधनावर, प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने तापणारी धातूची डबी १९२३ साली जपानमध्ये निघाली आणि शिकाऱ्यांची ती फार लाडकी आहे. पण काडतुसांच्या पेटीशेजारी इंधनाची बाटली ठेवण्याची कल्पना रेंजवर कुणालाही मानवणार नाही, आणि बंद खोलीत ती चालवू नये.

गरम वस्तू म्हणजे निरुपद्रवी वस्तू, हा समज आपल्याच देशातल्या एका उदाहरणाने खोटा ठरवला आहे. काश्मिरी लोक फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसतात. पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीवर त्यामुळे होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन डॉ. एल्मस्ली यांनी १८६६ सालीच केले. तिथे वर्षानुवर्षांचा शेक होता, नेमबाजाच्या पाकिटाने तसे होईल असे नव्हे. पण ४४ अंशांची साधी कोमट वाटणारी वस्तूसुद्धा सहा तास एकाच जागी टेकून राहिली तर कातडी भाजते, आणि पन्नाशीच्या वर काही मिनिटे पुरतात. पाकीट त्यामुळे कधीही उघड्या कातडीवर ठेवू नये, चिकटपट्टीने बांधू नये, अंगाखाली घेऊन झोपू नये. मधुमेहाने पायाहाताची जाणीव कमी झालेल्या प्रशिक्षकांनी तर विशेष जपावे, कारण भाजलेले कळतच नाही. वापरून झालेले पाकीट लहान मुलांच्या आणि कुत्र्यांच्या तोंडी लागणार नाही असे टाकावे. आतले लोखंड पोटात जाणे चांगले नाही.

फार ऊबही कामाची नाही. तळहात घामेजला की पकड सरकते आणि तो घाम उडताना बोटे आधीपेक्षा जास्त गार पडतात. उघड्या धातूवर टेकलेला हात तर क्षणात थंड होतो. फेरीच्या मध्ये शस्त्र नियमाप्रमाणे खाली ठेवून हात खिशात घालणे यापेक्षा मोठी युक्ती नाही.

हात थरथरतात, थंड पडतात, म्हणून कुणी रक्तदाबाची गोळी सुचवली तर ती चुकूनही घेऊ नये. बीटा ब्लॉकर गटातली औषधे थरथर कमी करतात म्हणून नेमबाजीत त्यांच्यावर बंदी आहे. उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याला २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमधली दोन पदके अशाच औषधामुळे परत करावी लागली. गंमत अशी, की याच औषधांचा एक नेहमीचा दुष्परिणाम म्हणजे हातपाय गार पडणे.

आणि रात्रीची शेगडी. लॉजच्या खोलीत, दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवल्याने उत्तर भारतात दर हिवाळ्यात माणसे झोपेतच दगावल्याच्या बातम्या येतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दुसऱ्या दिवशीच्या फेरीसाठी मुलांचे हात गरम राहावेत म्हणून कुणी ती खोलीत आणून ठेवली, तर बाहेर काढायला सांगावे.

मोसम सुरू होण्यापूर्वी कानाची ऑडिओमेट्री करून घ्यावी आणि कागद फाइलला लावून ठेवावा. दरवर्षीचा नवा आलेख त्याच्याशेजारी धरला की फरक दिसतो, एकट्या आलेखावरून तो दिसेलच असे नाही. तपासणीच्या आधी दोन दिवस रेंजवर जाऊ नये, नाहीतर तात्पुरता दडा आलेखात उतरतो. ४००० हर्ट्झजवळ खड्डा पडलेला दिसला तर आधी मफच्या गाद्या आणि प्लग बसवण्याची रीत तपासावी. एखाद्या गोळीनंतर अचानक ऐकू कमी आले किंवा कानातली शिट्टी दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर परतीच्या गाडीची वाट न पाहता दिल्लीतच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. अशा वेळी उपचाराचा काही उपयोग व्हायचा असेल तर तो पहिल्या काही दिवसांतच होतो.